खेळाचे कपाट

१९७२ साली अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सनीव्हेल गावातील एका मद्यगृहात एक नवीनच यंत्र ठेवण्यात आले. पडद्यावर दोन उभ्या रेघा आणि त्यांच्यामधून इकडून तिकडे धावणारा एक ठिपका, एवढाच त्याचा प्रपंच. नाणे टाकावे, गोल मूठ फिरवावी आणि ठिपका परतवावा. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. उघडून पाहता दोष यंत्राचा नसून नाण्यांच्या डब्याचा असल्याचे आढळले. तो काठोकाठ भरला होता. ह्या खेळाचे नाव पाँग. नाण्यावर चालणाऱ्या पडद्यावरील खेळांचा धंदा खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाला.

पुढे १९७८ साली जपानात तोमोहिरो निशिकादो ह्यांचा स्पेस इन्व्हेडर्स आणि १९८० साली तोरू इवातानी ह्यांचा पॅक-मॅन अवतरला. माणसाएवढी उंच, रंगीबेरंगी कपाटे जगभरच्या दुकानांत आणि उपाहारगृहांत उभी राहिली. भारतातील शहरांतही व्हिडिओ गेम पार्लरच्या अंधाऱ्या खोल्यांत शाळकरी मुले हातात नाणे घेऊन आपल्या पाळीची वाट पाहत उभी असत. मग घरोघरी संगणक आले आणि ही कपाटे एकेक करून अडगळीत गेली. आज अनेक प्रौढ गृहस्थ तसलेच कपाट स्वतःच्या घरी, स्वतःच्या हातांनी बांधू लागले आहेत. ह्या खटाटोपाचे मर्म काय, आणि तो तडीस कसा न्यावा, हे पाहण्यासारखे आहे.

खेळ मुळात नष्ट झालेले नाहीत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १९९७ साली इटलीच्या निकोला साल्मोरिया ह्यांनी मेम नावाची एक आज्ञावली प्रसिद्ध केली. आजच्या संगणकाला जुन्या यंत्राचे सोंग हुबेहूब घ्यावयास लावणे, हे तिचे काम. सोंग हुबेहूब म्हणजे किती? स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू जसजसे मरतात तसतसे उरलेले अधिक वेगाने चालून येतात. मूळ यंत्राला एवढ्या आकृती हलविताना धाप लागे. आकृती कमी झाल्या की त्याचे काम हलके होई आणि वेग वाढे. निशिकादो ह्यांनी हा दुबळेपणा तसाच ठेवला आणि तोच खेळाचा प्राण ठरला. मेममध्ये ही धापही तंतोतंत उतरते.

तरीही हाच खेळ मेजावरील संगणकावर, टंकपट्टीच्या कळा दाबून खेळला असता काहीतरी हरवल्यासारखे वाटते. कारण उघड आहे. कपाट हे खेळाचे वेष्टन नव्हते. ते खेळाचा भाग होते. स्पेस इन्व्हेडर्सचा मूळ पडदा केवळ कृष्णधवल होता आणि त्यावर चिकटविलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे चित्रांना रंग लाभत असे. आज्ञावली जपली, पण खेळाचे शरीर गेले. घरी कपाट बांधणारा मनुष्य हे शरीर परत उभे करीत असतो.

म्हणूनच करवत हाती धरण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. कोणते खेळ खेळावयाचे? बहुतेकांचे उत्तर असते, 'सगळे', आणि बहुतेक कपाटे येथेच बिघडतात. पॅक-मॅनचा पडदा उभा असतो, तर १९९१ च्या स्ट्रीट फायटर टूचा आडवा. आजच्या रुंद, आडव्या पडद्यावर पॅक-मॅन बसविला तर निम्म्याहून अधिक पडदा काळाच राहतो. पॅक-मॅनची दांडी चारच दिशांना वळते. तेथे आठ दिशांची दांडी लावली की ती तिरकी जाते आणि ऐन वळणावर घात होतो. स्ट्रीट फायटरला मात्र आठ दिशा हव्यात आणि प्रत्येक खेळाडूस सहा बटणे हवीत, तीन ठोशांची आणि तीन लाथांची. १९८१ च्या सेंटिपीडला तर दांडीच नाही. तळहाताखाली फिरणारा चेंडू असतो. हे सर्व एकाच फळीवर बसविले म्हणजे हात ठेवावयासही जागा उरत नाही. आवडीचे पाचसहा खेळ निवडावेत. पडदा, दांडी आणि बटणे त्यांवरूनच ठरतात.

त्यानंतर सुतारकाम. आपल्याकडे प्लायवूडची फळी आठ फूट लांब व चार फूट रुंद मिळते. कपाटाची उंची सहा फुटांच्या आत आणि खोली दोन फुटांहून किंचित कमी ठेवली, तर दोन्ही बाजू एकाच फळीतून निघतात. जाडी १८ ते १९ मिलिमीटर असावी. बटणांची पाटी जमिनीपासून सुमारे तीन सव्वातीन फुटांवर यावी. परंतु ही पाटी प्रथम पुठ्ठ्याची करून, तिच्यापुढे उभे राहून हात ठेवून पाहावेत. पुठ्ठा वाया गेला तरी दुःख नाही. बटणे आणल्यावाचून भोके पाडू नयेत, कारण काही बटणांस २८ मिलिमीटरचे भोक लागते, काहींस ३०. दांडीखालील लाकूड आतून कोरून पातळ करावे; न केल्यास दांडी वर आखूड राहते. घराच्या दारांची रुंदीही आधीच मोजावी. खोलीत बांधलेले कपाट खोलीबाहेर निघत नाही, हा अनुभव फार महाग पडतो.

जोडणी मानतात तितकी अवघड नाही. प्रत्येक बटणाखाली एक छोटा स्विच असतो. त्याच्या दोन तारा एका लहानशा पट्टिकेकडे जातात आणि ती पट्टिका संगणकास कळ दाबल्याचा निरोप देते. मागील बाजूस खाली व वर झरोके ठेवावेत, म्हणजे उष्ण हवा आपोआप बाहेर पडते. जुनी काचेची चित्रनलिका वापरण्याचा मोह मात्र नवशिक्याने आवरावा. तिच्यात हजारो व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो.

दोन पथ्ये पाळावीत. मेम ही आज्ञावली २०१६ पासून मुक्त स्वरूपात उपलब्ध आहे, पण तिच्यात चालणारे खेळ मुक्त नाहीत. १९८४ च्या दुरुस्तीने भारताच्या कॉपीराइट कायद्यातही आज्ञावल्यांस संरक्षण मिळाले आहे. जेथे हे खेळ रीतसर विकत मिळतात, तेथे ते विकतच घ्यावेत. दुसरे असे की, जुने अस्सल कपाट हाती लागल्यास त्याची आतडी काढून नवा संगणक बसवू नये. लाकूड पुन्हा मिळेल, ते यंत्र पुन्हा मिळणार नाही.

एवढे सायास करून हाती काय लागते? आकडे तर संगणकावरही वाढतात. पण मेजाशी मनुष्य एकटा बसतो, आणि कपाटापुढे दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहतात. तिसरा मागून वाकून पाहतो आणि आपल्या पाळीची वाट पाहतो. ही तिसऱ्याची जागा कोणत्याही आज्ञावलीत जपून ठेवता आलेली नाही. ती लाकडानेच उभी करावी लागते.