खुर्चीला कायद्याचं कवच
(लेखमाला ‘शहर कोण चालवतं?’ : भाग ६)

गेल्या आठवड्यात अमेरिकी महापौरांचे अधिकार पाहिले. एवढी सत्ता हातात असल्यावर पोलिसप्रमुखही महापौराच्या मर्जीवरच असणार, असं कुणालाही वाटेल. बऱ्याच शहरांत ते खरंही आहे. लॉस एंजेलिसमध्ये मात्र १९३७ ते १९९२ अशी ५५ वर्षं महापौर पोलिसप्रमुखाला आपल्या मर्जीने काढूच शकत नव्हता.

हे का झालं, ते समजायला १९३०चं दशक पाहावं लागतं. महापौर फ्रँक शॉ यांचा कारभार भ्रष्टाचारासाठी बदनाम होता. त्यांचा भाऊ जो शॉ नोकऱ्या आणि बढत्यांचे सौदे करतो, हे सगळं शहर बोलत होतं. महापौर बदलला की पोलिसप्रमुख बदलायचा आणि जुगाराच्या अड्ड्यांचे हप्ते नव्या दिशेने वाहायचे. यावर उपाय काढला तो पोलिसांच्याच संघटनेने. रात्रीच्या वर्गात वकिली शिकलेला विल्यम पार्कर नावाचा एक अधिकारी त्यात पुढे होता. शहराच्या सनदेत, म्हणजे शहराच्या मूळ कायद्यात, त्यांनी दुरुस्ती सुचवली आणि १९३७मध्ये मतदारांनी ती मंजूर केली. आधी शिपायांना आणि अधिकाऱ्यांना असलेलं सिव्हिल सर्व्हिसचं संरक्षण आता थेट प्रमुखालाही मिळालं. लेखी आरोप, पुरेसं कारण आणि रीतसर सुनावणी, एवढं झाल्याशिवाय त्याला हलवता येणार नाही. नोकरी जणू त्याची मालमत्ताच ठरली.

दुरुस्ती मंजूर करणारे मतदार भाबडे होते, असं मला वाटत नाही. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९३८मध्ये, महापौरांच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या एका खासगी गुप्तहेराच्या गाडीत बॉम्ब फुटला. तो कसाबसा वाचला. त्या प्रकरणात शिक्षा झाली ती पोलिसांच्याच गुप्तवार्ता पथकाच्या प्रमुखाला. सप्टेंबरमध्ये शॉ यांना मतदारांनी मुदत संपण्याआधीच घरी बसवलं. असल्या गावात प्रामाणिक प्रमुखाला आधार हवा, हे कुणीही मान्य केलं असतं.

अडचण अशी की कायद्याला प्रमुखाची दानत कळत नाही. कवच जसं लाचखोर महापौरापासून वाचवतं, तसंच ते निवडून आलेल्या, नेक महापौरापासूनही वाचवतं. पार्कर १९५०मध्ये स्वतः प्रमुख झाला आणि १९६६मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या खुर्चीवर राहिला. त्याने खात्यातली लाचखोरी बरीच आटोक्यात आणली, हे श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण १९६५मध्ये वॉट्स भागात दंगल उसळून ३४ माणसं मेली, कृष्णवर्णीय वस्त्यांमधली पोलिसांची दांडगाई चव्हाट्यावर आली, तरी त्याचं पद शाबूत राहिलं. कागदावर खात्याचं प्रमुखपण महापौराने नेमलेल्या पाच नागरिकांच्या पोलिस कमिशनकडे होतं. प्रत्यक्षात ज्याला काढता येत नाही त्याच्यापुढे कमिशनचं काय चालणार?

पार्करच्या गाडीवर कधीकाळी चालक असलेला डॅरिल गेट्स १९७८मध्ये प्रमुख झाला. मार्च १९९१मध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारचालकाला केलेल्या बेदम मारहाणीची चित्रफीत जगभर दिसली. महापौर टॉम ब्रॅडली स्वतः याच खात्यात एकवीस वर्षं नोकरी केलेले. त्यांनी गेट्सना राजीनामा द्यायला सांगितलं. गेट्सनी साफ नकार दिला. पोलिस कमिशनने त्यांना ६० दिवसांच्या सक्तीच्या रजेवर पाठवलं, तर गेट्स कोर्टात गेले, सिटी कौन्सिलने त्यांची बाजू उचलून धरली आणि काही दिवसांतच ते परत खुर्चीवर. त्यानंतर महापौर आणि पोलिसप्रमुख यांच्यात वर्षभर बोलणंसुद्धा नव्हतं.

१९९१च्या जुलैमध्ये, या मारहाणीनंतर नेमलेल्या वॉरन ख्रिस्तोफर यांच्या चौकशी आयोगाने शिफारस केली: प्रमुखाला पाच वर्षांची मुदत द्या, फार तर आणखी एकदा पाच. सनदेत तसा बदल करणारी ‘दुरुस्ती एफ’ मतदानासाठी ठेवली गेली. २९ एप्रिल १९९२च्या दुपारी किंगला मारहाण केल्याचा आरोप असलेले पोलिस निर्दोष ठरले आणि संध्याकाळपर्यंत शहर पेटलं. त्या वेळी गेट्स मुख्यालयात नव्हते. ते ब्रेंटवूड या श्रीमंत भागात एका कार्यक्रमाला गेले होते. कार्यक्रम होता दुरुस्ती एफच्या विरोधातल्या प्रचारासाठी निधी गोळा करण्याचा! जूनमध्ये मतदारांनी जवळपास दोनास एक अशा प्रमाणात दुरुस्ती मंजूर केली आणि महिनाअखेरीस गेट्स गेले.

आता आपल्याकडे. मुंबईचे पोलिस आयुक्त आयपीएस अधिकारी असतात, राज्य सरकार त्यांना नेमतं, महापौरांचा संबंधच येत नाही. राज्यघटनेचं ३११वं कलम त्यांना संरक्षण देतं, पण ते बडतर्फी, सेवेतून काढणं आणि पदावनती यांपासून. बदली त्यात येत नाही. म्हणजे आपल्याकडे नोकरी सुरक्षित, खुर्ची नाही. लॉस एंजेलिसमध्ये खुर्चीच सुरक्षित होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६च्या प्रकाश सिंह निकालानंतर महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यात दोन वर्षांचा सर्वसाधारण कार्यकाळ आला खरा, पण जनहिताचं किंवा प्रशासकीय निकडीचं कारण दाखवून त्याआधीही बदली करता येते. ही पळवाट किती रुंद आहे, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना सांगायला नको.

मुदतीची पद्धत मला या दोन्हींपेक्षा बरी वाटते. राजकारण मात्र तिनेही टळत नाही. २००२मध्ये लॉस एंजेलिसचे महापौर जेम्स हान यांनी प्रमुख बर्नार्ड पार्क्स यांना दुसरी मुदत द्यायला विरोध केला आणि कमिशनने चार विरुद्ध एक मतांनी ती नाकारली. पार्क्स कृष्णवर्णीय होते आणि हान निवडून आले होते ते बऱ्याच अंशी कृष्णवर्णीय मतदारांच्या बळावर. पार्क्स २००३मध्ये सिटी कौन्सिलवर निवडून गेले, २००५मध्ये महापौरपदासाठी हान यांच्याविरुद्ध उभे राहिले. ते जिंकले नाहीत. पण त्या निवडणुकीत हानही हरले.

(पुढील भागात : शहराच्या पोलिस खात्याचं बजेट कोण ठरवतं?)