अटॅक किती आले, एवढ्यावर भागत नाही

रात्री छाती धरून कॅज्युअल्टीत आलेल्या माणसाचा ईसीजी निघतो, रक्त तपासलं जातं आणि तासा-दोन तासांनी डॉक्टर सांगतात, "हार्ट ठणठणीत आहे, टेन्शन घेऊ नका." घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पेशंट मात्र चक्रावतो. मघाशी जीव चालला होता, तो मग कशाने?

कॅनडातल्या माँट्रियलच्या हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये छातीत दुखतं म्हणून तातडीच्या विभागात आलेल्या 441 रुग्णांची पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष 1996 साली प्रसिद्ध झाले. साधारण चौथ्या हिश्शाला पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे भीतीचे अचानक झटके येण्याचा आजार, होता आणि हृदयतज्ज्ञांच्या नजरेतून त्यांतले जवळजवळ सगळे निसटले होते. 'रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे काही झालंच नाही' हा गैरसमज असा दवाखान्याच्या दारातच तयार होतो. त्याची दुसरी बाजूही तितकीच घातक आहे. पहिल्यांदाच छातीत दुखत असेल, तर 'पॅनिक असेल' म्हणून घरी बसून राहायचं नसतं. हृदयाच्या ठोक्यांची गडबड किंवा थायरॉइडचा विकार यांतही असंच होतं, त्यामुळे तपासणी आधी.

पॅनिक अटॅक म्हणजे काय, हे ठरलेलं आहे. एकाएकी उसळलेली भीती काही मिनिटांत शिगेला पोचते आणि धडधड, घाम, थरथर, गुदमरणं, मुंग्या, भोवळ, आता मरणार किंवा वेड लागणार असं वाटणं, अशा 13 लक्षणांपैकी किमान चार एकदम दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनेक देशांतल्या सर्वेक्षणांनुसार सुमारे 13 टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी असा अटॅक येतो. त्यांतल्या आठांपैकी साधारण एकालाच पॅनिक डिसऑर्डर असतो. बाकीच्यांना अटॅक येऊन जातो, आजार जडत नाही.

आजार जडला की नाही, आणि किती, हे मोजायचं कशावर? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. अटॅक जितका भयंकर, जितक्या वेळा, तितका आजार मोठा, असं पेशंटलाही वाटतं आणि त्याच्या घरच्यांनाही.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ कॅथरीन शियर आणि सहकाऱ्यांनी 1997 साली पॅनिक डिसऑर्डरची तीव्रता मोजायची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. प्रश्न फक्त सात, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 28. गंमत अशी की अटॅकबद्दलचे प्रश्न त्यात दोनच आहेत: किती वेळा आले आणि आले तेव्हा किती हाल झाले. उरलेले पाच अटॅक नसतानाच्या आयुष्याची चौकशी करतात. पुढचा कधी येईल ही धास्ती किती? कोणत्या जागा टाळता? धडधड होईल म्हणून जिना चढणं, चहा-कॉफी, व्यायाम सोडलाय का? कामावर परिणाम किती? माणसांत ऊठबस किती उरली?

आता दोन काल्पनिक पेशंट घेऊ. पुण्याचा एक तरुण. आठवड्याला दोन अटॅक, आणि आले की पार गलितगात्र होतो. वारंवारतेचे 2, हाल होण्याचे 3. पण दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला जातो, ट्रेकलाही जातो. धास्तीचा 1, कामाचा 1. बेरीज 7. डोंबिवलीच्या एक बाई. महिन्याभरात अटॅक एकही नाही, म्हणजे पहिल्या दोन प्रश्नांना शून्य. मात्र लोकल सोडली, मग नोकरी सोडली, भाजीलाही एकट्या जात नाहीत. धास्ती 3, जागा टाळणं 4, शरीरातल्या बदलांची भीती 3, काम 4, लोकांत मिसळणं 3. बेरीज 17. घरचे मात्र नातेवाइकांना सांगत असतात, "आता बरी आहे, त्रास नाही होत."

त्रास होत नाही, कारण त्रास होईल तिथे जायचंच त्यांनी थांबवलंय.

या टाळण्याला अगोराफोबिया म्हणतात, आणि त्याच्याबद्दलही एक ठाम गैरसमज आहे: ही मोकळ्या मैदानाची भीती. 1871च्या सुमारास बर्लिनच्या कार्ल वेस्टफालने ज्या पुरुषांचं वर्णन केलं, त्यांना शहरातले मोठे चौक ओलांडता येत नसत, हे खरं. आजच्या निकषांत मात्र पाच प्रसंग आहेत: बस-रेल्वेसारखा प्रवास, मोकळ्या जागा, बंदिस्त जागा, रांग किंवा गर्दी आणि घराबाहेर एकटं असणं. त्यांतल्या किमान दोन प्रसंगांची भीती लागते, तीही साधारण सहा महिने टिकलेली. भीती त्या जागेची नसते. तिथे काही झालं तर निसटता येणार नाही, मदत मिळणार नाही, याची असते. म्हणून तर सोबत कुणी असलं की वेस्टफालचे पेशंटही चौक पार करत. हे हेरून डायान चेम्बलेस आणि सहकाऱ्यांनी 1985 साली केलेल्या प्रश्नावलीत प्रत्येक जागेबद्दल दोनदा विचारलं जातं: एकट्याने जाताना आणि कुणाबरोबर जाताना. 'माझी बायको मॉलला येते की' म्हणणाऱ्या नवऱ्याला 'एकटी जाते का' हा प्रश्न सहसा सुचत नाही.

'अटॅकमध्ये चक्कर येऊन पडणार' ही भीतीही सरसकट आढळते. वस्तुतः बेशुद्ध पडायला रक्तदाब घसरावा लागतो, आणि पॅनिकमध्ये तो बहुधा वाढतो. भोवळ आणि मुंग्या येतात त्या जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो म्हणून. त्यावर कागदी पिशवीत श्वास घेण्याचा सिनेमातला उपाय करू नये. दुखणं हृदयाचं किंवा दम्याचं निघालं तर तो अंगाशी येतो.

मोबाइलवर अशा प्रश्नावल्या भरून गुण काढता येतात. पण मोजपट्टी निदान करत नाही, आहे त्या आजाराची खोली सांगते. निदानासाठी डॉक्टरांसमोर बसावंच लागतं. कुठून सुरुवात करायची हे कळत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे.

मोजपट्टीचा खरा उपयोग उपचार सुरू झाल्यावर होतो. वर्तनोपचारात टाळलेल्या जागी टप्प्याटप्प्याने परत जायचं असतं, जागच्या जागी धावून धडधड मुद्दाम ओढवून घ्यायची असते. डोंबिवलीच्या त्या बाई पुन्हा लोकल धरू लागल्या, तर मधूनच एखादा अटॅक येणारच. वारंवारता 1, हाल 2. पण धास्ती, टाळाटाळ आणि शरीराची भीती 2-2 वर उतरते, काम आणि लोकांत मिसळणं 1-1 वर. बेरीज 11. घरच्यांना वाटतं, बंद झालेला आजार औषधपाण्याने उलट उकरून काढला. डॉक्टर त्या महिन्यापुढे 'सुधारणा' असंच लिहितात.