गिरणी इथं, चूल तिथं
लेखमाला ‘दोन उंबरठे’ : भाग सहावा

गेल्या आठवड्यात आपण लॉस एंजेलिस आणि शिकागोतल्या मेक्सिकन कुटुंबांची हकिगत पाहिली. 1942 ते 1964 या काळात ‘ब्रासेरो’ करारांखाली लाखो मेक्सिकन मजूर अमेरिकेतल्या शेतांवर गेले, पण करार फक्त पुरुषांसाठी होता. बायकामुलं मागे राहिली. पुढे या लोकांनी शहरात आपापल्या गावाच्या नावाने मंडळं काढली आणि वर्गणीतून गावात पाणी, रस्ते, देवळं उभी केली. हे वाचताना लालबाग-परळच्या अनेकांना आपलंच घर आठवलं असेल. आजचा भाग त्या घरांविषयी.

मुंबईची पहिली कापडगिरणी 1856 साली ताडदेवला सुरू झाली. नंतरच्या काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, नायगाव हा सगळा टापू गिरणगाव झाला. गिरण्यांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा होता. आजचा सिंधुदुर्ग 1981 पर्यंत त्यातच होता. कोकणात जमिनीचा तुकडा लहान, पीक बहुधा एकच, आणि वर खोताचा वाटा. खोती मोडण्याचा कायदा झाला 1949 साली. तोवर देणी फेडायला रोकड लागे, आणि रोकड मिळे ती मुंबईत. बोटीने आलेला पोरगा गाववाल्याच्या ओळखीवर किंवा जॉबरच्या शब्दावर गिरणीच्या दारात उभा राही.

चाकरमान्याचा जीव गावात अडकलेला, म्हणून त्याने संसार तिकडे ठेवला, असं आपण सहज म्हणतो. गावाची ओढ खरीच होती, पण हिशेब त्याहून कठोर होता. पगार एकट्याच्या पोटापुरता आणि लहानशा मनीऑर्डरीपुरता. बदली कामगाराला तर आज काम मिळेल की नाही, हे रोज गिरणीच्या दारात गेल्यावरच कळे. एवढ्यावर मुंबईत खोली घेऊन बिऱ्हाड थाटणं बहुतेकांना झेपणारं नव्हतं. म्हणून बाळंतपण गावात, मुलांचं बालपण गावात, आजारपण गावात आणि म्हातारपणही गावातच. 1896 च्या प्लेगात हजारो कामगार शहर सोडून गेले, तेही याच घरांच्या आसऱ्याला. माणूस वाढवण्याचा आणि थकल्यावर सांभाळण्याचा खर्च गावातल्या घराने सोसला. गिरणीने त्याची भरउमेदीची वर्षं तेवढी घेतली.

गावातलं हे घर बाई चालवत होती. नांगराला गडी मिळवायचा, लावणी उरकायची, गुरं आणि सासू-सासरे सांभाळायचे, मनीऑर्डर लांबली तर वाण्याकडे शब्द टाकायचा. 1921 च्या जनगणनेत मुंबईतल्या स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याच्या आसपासच होती. गिरणगावात जी बाई दिसत नव्हती, ती गावात शेतात राबत होती.

मुंबईतही या पुरुषांना बाईनेच जगवलं. एकेका खोलीत वीस-पंचवीस गाववाले राहत. एका पाळीचे उठले की दुसऱ्या पाळीचे त्याच जागेवर अंग टाकत. त्यांचं जेवण खानावळवालीकडे. पहाटेपासून भाकऱ्या थापायच्या, पाळ्यांप्रमाणे डबे भरायचे आणि पैसे महिनाअखेर, पगार झाल्यावर. तोवर महिनाभराचा किराणा तिने उधारीवर किंवा सावकाराच्या पैशावर आणलेला. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं, ते या बायकांना सावकाराच्या विळख्यातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी.

दोन ठिकाणी जगणाऱ्या या माणसांनी आपलं गावही सोबत आणलं. गावोगावच्या मंडळांच्या बैठका चाळीतल्या खोल्यांत भरत आणि देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली असे निर्णय तिथे होत. परळच्या दामोदर नाट्यगृहात नमन, शक्ती-तुरा आणि दशावताराचे प्रयोग रंगत. भाद्रपदात हे दुहेरी जगणं सगळ्यात स्पष्ट दिसतं. लालबागच्या राजाची परंपरा 1934 पासूनची. अशा मंडळांत वर्षभर राबणाऱ्या कितीतरी कोकणी घरांचा स्वतःचा गणपती मात्र आजही गावातल्या मूळ घरीच बसतो. शिमग्याला पालखी दारी येते तेव्हा दार उघडं असावं, म्हणून मुंबईहून माणूस जातोच.

पुढच्या पिढीची घडण वेगळी झाली. चाळीत जन्मलेली मुलं सुट्टीत गावी गेली की ‘मुंबईकार’ ठरत. घरात मालवणी किंवा संगमेश्वरी बोलत, शाळेत पुस्तकी मराठी. घरची बोली चारचौघांत दाबून बोलणाऱ्या या पिढीला 1980 मध्ये गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने मोठा आधार दिला. मच्छिंद्र कांबळींनी तीच बोली मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर ताठ मानेने उभी केली.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगार बंद झाला, तेव्हा असंख्य कुटुंबांनी गावची वाट धरली. जे मुंबईत राहिले, त्यांच्यासाठी गावाहून तांदूळ आला, तर कुठे बाईच्या अंगावरचा दागिना मोडला गेला. संप वर्षाहून अधिक काळ तगला, त्यात गावच्या या चुलींचा वाटा फार मोठा आहे. खानावळवालीचं मात्र गिऱ्हाईकच गेलं, आणि थकलेली बाकी बुडाली.

आज गिरणी कामगारांच्या घरांसाठी पात्रता ठरते ती 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर पटावर असलेल्या नावावरून. कामगार नसेल तर त्याच्या वारसाला हक्क मिळतो. हा हक्क रास्तच आहे, आणि तो अजून असंख्य कुटुंबांच्या पदरात पडलेला नाही. पण खानावळवालीचं नाव कोणत्याच पटावर नव्हतं, म्हणून तिला अर्जदेखील करता येत नाही. लावणी करून संपाला तांदूळ पुरवणारी बाईही या हिशेबात येते ती फक्त कोणाची तरी विधवा म्हणून. गिरणगावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आणि घरांची धोरणं आखणाऱ्यांनी या दोघींना कामगार मानलं पाहिजे. त्यांच्या श्रमाशिवाय मुंबईत एकही भोंगा वाजला नसता.

(पुढील भागात : धोबीतलावचे गोवेकर क्लब)