कोयत्याचं म्यान शिवायचंय? चामडं घेण्याआधी एवढं बघा

कोल्हापूर : गळीत हंगाम तोंडावर आला की लोहाराच्या भात्यापुढं कोयत्यांची रांग लागते. धार लावून झाली, मूठ बसली की काम झालं, असं सगळेच धरून चालतात. तो कोयता घरापासून फडापर्यंत न्यायचा कसा, याचा विचार मात्र मागं पडतो. कुणी मोटारसायकलच्या हँडलला अडकवतो, कुणी खताच्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळतो, कुणी तसाच ट्रॉलीत टाकतो. त्याच ट्रॉलीत बायका-पोरं बसलेली असतात. ट्रॉली खड्ड्यात आदळली की पोत्याचं गुंडाळणं सुटायला वेळ लागत नाही.

कोकणात कोयती कमरेच्या लाकडी आकडीत अडकवतात, ती पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. घाटावर तसं काही नाही. त्यामुळं अलीकडं बरेच जण गावातल्या चर्मकाराकडून किंवा स्वतःच चामड्याचं म्यान शिवून घेतात. ऊसतोडीचा कोयता, द्राक्षबागेतली छाटणीची कात्री, कलमाचा चाकू, सगळ्यांनाच ते उपयोगी आहे. पण बाजारात गेलं की दुकानदार चार-पाच प्रकारचं चामडं पुढं टाकतो, सगळं दिसायला सारखंच, आणि बहुतेक वेळा गिऱ्हाईक मऊ आणि चकचकीत दिसणारं उचलतं. म्यानासाठी नेमकं तेच चुकीचं असतं.

सालीचं चामडं आणि क्रोमचं चामडं

कातडं कुजू नये म्हणून ते कमवावं लागतं. कमावण्याच्या मुख्य रीती दोन. एक जुनी, झाडाच्या सालीची. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच रीतीनं होतं. बाभळीची साल आणि हिरडा पाण्यात घालून त्याचा अर्क कातड्यात मुरवायचा. जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगतात आणि त्यात सालीचं पाणी भरत राहतात. याला बरेच दिवस लागतात. तामिळनाडूत याच कामाला पूर्वापार तरवडाची साल वापरायचे. आपल्याकडं माळावर पिवळ्या फुलांचा तरवड उगवतो ना, तोच. आता बऱ्याच कारखान्यांत वॅटल नावाच्या झाडाचा तयार अर्क वापरतात, पण जात तीच.

दुसरी रीत क्रोमची. क्रोमियमच्या क्षारात कातडं घोळवलं की एक-दोन दिवसांत कमावून होतं. ओलं असताना ते निळसर दिसतं, मग त्यावर हवा तो रंग चढवतात. बूट, पर्स, जाकीट, सोफ्याचं कव्हर यातलं बहुतेक चामडं क्रोमचं असतं. ते मऊ असतं, पाण्याला आणि उष्णतेला चांगलं टिकतं. त्याला वाईट म्हणायचं कारण नाही. वेल्डिंगचे हातमोजे त्याचेच असतात आणि त्या कामाला तेच बरं.

म्यानाला मात्र सालीचंच लागतं. याची दोन कारणं. पहिलं म्हणजे सालीचं चामडं भिजवलं की मऊ होतं, पात्याभोवती दाबून बसवलं की तो आकार घेतं आणि वाळल्यावर तसंच कडक राहतं. क्रोमचं चामडं ओलं करून कितीही दाबा, वाळलं की पुन्हा ढिलं. ढिल्या म्यानात कोयता आत हलतो, धार शिवणीवर घासते, दोरा तुटतो आणि एक दिवस पातं बाजूनं बाहेर येतं. दुसरं कारण गंजाचं. क्रोमच्या चामड्यात राहिलेले क्षार ओल धरतात. आपले कोयते गाडीच्या पाट्याचे, म्हणजे साध्या कार्बन पोलादाचे असतात, स्टेनलेस नसतात. ते अशा चामड्यात ठेवले की लवकर तांबारतात.

सालीच्या चामड्यानं गंज चढतच नाही असं मात्र नाही. त्यातला तुरट अर्क आणि लोखंड ओलीत एकत्र आले की काळा डाग पडतो, पात्यावरही आणि चामड्यावरही. म्हणून ओला कोयता पुसल्याशिवाय कोणत्याच म्यानात घालायचा नाही.

दुकानात ओळखायचं कसं

दुकानदाराला नुसतं “सालीचं द्या” म्हणून भागत नाही. तुकडा हातात घ्या आणि आधी कापलेली कड बघा. सालीचं चामडं आतपर्यंत एकाच तपकिरी किंवा फिकट बदामी रंगाचं दिसतं. क्रोमच्या चामड्याला वरून कितीही तपकिरी रंग दिलेला असला तरी कडेच्या मधोमध बऱ्याचदा करडी-निळसर रेघ दिसते. मग वास घ्या. सालीच्या चामड्याला लाकडासारखा, मातकट वास असतो, नव्या कोल्हापुरी चपलेला असतो तसा. रंग न दिलेल्या भागावर पाण्याचा थेंब टाका. सालीचं असेल तर थेंब मुरतो आणि डाग गडद होतो. नखानं दाबून बघा, खूण राहिली तर चांगलं. पॉलिश किंवा मेण चढवलेलं असेल तर पाणी मुरत नाही, तेव्हा थेंबाची परीक्षा मागच्या, केसाळ बाजूवर करा.

तरीही खात्री होत नसेल तर बोटभर कात्रण मागून घ्या आणि घरी उकळत्या पाण्यात टाका. सालीचं चामडं लगेच आक्रसतं, वळतं आणि कडक होतं. क्रोमचं जवळपास तसंच राहतं. जाळून बघायचं असेल तर अंगणात, वाऱ्याची दिशा बघून, आणि धूर नाकात जाऊ न देता. क्रोमच्या चामड्याची राख हिरवट दिसते. रेक्झिन असेल तर ते वितळून थेंब पडतात आणि प्लॅस्टिकचा वास येतो. रेक्झिन चामडं म्हणून खपवण्याचे प्रकार आठवडी बाजारात होतात. त्याची मागची बाजू बघितली की कापडाचं विणकाम दिसतं, त्याला वेगळी परीक्षा लागत नाही.

आणखी एक फसवणूक आहे, ती जास्त हुशारीची. चामड्याचा भुगा आणि गोंद दाबून पत्रा बनवतात. दिसायला कडक, जाडी एकसारखी, भाव कमी. कड ओली करून बोटांनी चोळली की ती सुटी होऊन भुगा निघतो. त्याचं म्यान पहिल्याच पावसात उसवतं.

कातड्याचा कोणता भाग

एकाच कातड्यातही सगळा माल सारखा नसतो. पाठीचा आणि मागच्या पुठ्ठ्याचा भाग सगळ्यात घट्ट आणि एकसारख्या जाडीचा. खांद्याचा भागही चालतो, फक्त त्यावर सुरकुत्या असतात. पोटाकडचा भाग सैल, स्पंजासारखा आणि ओढला की लांबणारा. तो स्वस्त मिळतो आणि नवख्याच्या गळ्यात तोच मारला जातो. तुकडा दोन्ही हातांत धरून आडवा-उभा ओढा. रबरासारखा वाढला तर परत द्या. वरची बाजू आत घेऊन घडी घाला. बारीक सुरकुत्या पडल्या तर ठीक, मोठ्या फुगीर वळ्या पडल्या किंवा वरचा पापुद्रा सुटल्यासारखा वाटला तर नको.

गोचिडांचे डाग, काट्यांचे ओरखडे, डागणीची खूण यांना घाबरायचं कारण नाही. ते जनावराच्या अंगावरचेच असतात, त्यानं मजबुती कमी होत नाही, उलट अशा मालाचा भाव पाडून मागता येतो. मागच्या बाजूनं सुरी खोल लागलेली असेल तर मात्र ती जागा सोडून कापा. कातडं सोलताना पडलेल्या अशा चिरा वरून दिसत नाहीत आणि नेमक्या त्याच जागी म्यान फाटतं.

जाडीचं म्हणाल तर कलमाच्या चाकूला 2 ते 2.5 मिलिमीटर पुरतं. कोयत्याला 3 ते 3.5 मिलिमीटर घ्यावं. त्याहून जाड, चपलेच्या तळाचं 5 मिलिमीटरचं, घेतलं तर आरीनं भोकं पाडताना घाम निघतो आणि घडीच्या जागी वर तडे जातात.

फुटावर की किलोवर?

इथं हिशेब नीट समजून घ्यायला हवा. पातळ आणि रंगवलेलं चामडं चौरस फुटावर विकतात, तळाचं जाड चामडं बहुधा किलोवर. एक दुकानदार फुटाचा भाव सांगतो, दुसरा किलोचा, आणि गिऱ्हाईक गोंधळतं. मोटा हिशेब असा, की 3 मिलिमीटर जाडीच्या एका चौरस फुटाचं वजन साधारण 270 ते 280 ग्रॅम भरतं. म्हणजे किलोत साडेतीन फुटांच्या आसपास येतं. किलोच्या भावाला साडेतीननं भागलं की फुटाचा भाव निघाला. ओलसर किंवा तेल जास्त पाजलेलं चामडं जड भरतं, म्हणून किलोवर घेताना हाताला गार आणि चिकट लागणारा माल टाळावा.

अख्ख्या कातड्याच्या मागं मापाचा आकडा लिहिलेला असतो. 18 च्या डोक्यावर लहान 2 लिहिला असेल तर तो 18 फूट आणि दोन पाव, म्हणजे साडेअठरा फूट. बरेच जण हा बारीक आकडा बघतच नाहीत.

एका म्यानाला लागतं किती? पातं 10 इंच लांब आणि 3 इंच रुंद धरलं तर शिवणीची जागा सोडून दोन बाजू 11 बाय 4 इंचांच्या, म्हणजे 88 चौरस इंच. मधली पट्टी आणि कमरेच्या पट्ट्याचा फास धरून आणखी 20. झाले 108. चौरस फुटात 144 चौरस इंच असतात, म्हणजे वाया जाणारं धरून एक फूट पुरतं. यासाठी अख्खं कातडं घ्यायची गरज नाही. कोल्हापुरात सुभाषनगर, जवाहरनगर भागात चप्पल कारागिरांची वस्ती आहे, कागल तालुक्यातली कापशी तर चपलेसाठी नावाजलेलीच. तळ कापून उरलेले तुकडे कारागिरांकडं असतातच. गोडीनं विचारलं तर कलमाच्या चाकूचं म्यान त्या तुकड्यांतच निघतं, आणि कारागिराच्या नजरेखाली घेतलेला तुकडा दुकानातल्यापेक्षा भरवशाचा असतो. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण सालीनं कमावणारे हात कमीच होत चाललेत. त्यांच्याकडून माल घेताना घासाघीस जरा बेतानं करावी.

एक गोष्ट बिलाची. राज्यात 2015 पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळं बाजारात जाड चामडं मुख्यतः म्हशीचं असतं. म्यानाला ते उत्तमच. पण कोणत्या जनावराचं आहे हे विचारून घ्या आणि थोडा माल असला तरी पक्कं बिल घ्या. वाटेत कुणी अडवलं तर कागद हातात असलेला बरा.

शिवताना आणि वापरताना

ऊसतोडीच्या कोयत्याला टोकाशी बाक असतो. सरळ सुरीसारखं बंद म्यान केलं तर पातं आत जातच नाही. त्याला धारेकडची बाजू बंद, पाठीकडची वरपर्यंत उघडी आणि वरून दोन पट्ट्या बटणानं लागतील असं म्यान लागतं. आधी जुन्या पुठ्ठ्याचा नमुना कापून कोयता आत-बाहेर करून बघा, मगच रापी चालवा.

धारेकडच्या शिवणीत दोन थरांच्या मध्ये चामड्याचीच पाऊण इंची पट्टी घालायला विसरू नये. धार त्या पट्टीवर टेकते, दोऱ्यावर नाही. ही पट्टी वाचवली की सहा महिन्यांत शिवण कापली जाते. दोरा मेण लावलेला नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा घ्या, सुती दोरा घामानं आणि पावसानं कुजतो. शिवून झालं की म्यान दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजवा, पात्याला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून आत घाला, बोटांनी आकार दाबून सावलीत वाळवा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवलं तर चामडं तडकतं. वाळल्यावर एरंडेलाचा हात अगदी हलका फिरवायचा आणि वरून मेण. तेल जास्त झालं की म्यान पुन्हा मऊ पडतं, मग सगळी मेहनत पाण्यात.

कायद्याचंही थोडं. शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्यांचा उल्लेख आहे, पण घरगुती आणि शेतीकामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. तरीही सणासुदीला, निवडणुकीत जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात. अशा वेळी कोयता कमरेला लावून बाजारात फिरू नये. म्यानात घालून, पट्ट्या लावून, शेताच्या सामानाबरोबर बांधून न्यावा.

राधानगरी, गगनबावड्याकडच्या पावसात सालीच्या चामड्यावर पांढरी बुरशी येते. कोरड्या फडक्यानं पुसून वारा लागेल अशा जागी टांगलं की जाते. हंगाम संपल्यावर कोयता म्यानात ठेवून देऊ नका. पात्याला ग्रीस लावून तो कागदात वेगळा गुंडाळा, पोरांच्या हाताला लागणार नाही असा उंच ठेवा आणि म्यान रिकामंच खुंटीला लावा.