हिम : लडाखच्या शेतीचे भांडवल

लडाख हा अत्यंत कोरडा प्रदेश होय. लेह येथे वर्षाकाठी पाऊस व हिम मिळून सुमारे १०० मिलिमीटरच पाणी पडते. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारी वादळे घाट बंद पाडतात. तथापि सातूचे पीक पोसले जाते ते त्यांनी आणलेल्या हिमावरच. अडचण वेळेची आहे. पेरणी एप्रिल-मे महिन्यांत करावी लागते, तर उंचावरील हिमनद्यांचे पाणी जूनच्या सुमारास उतरते. पेरणी लांबल्यास पीक पक्व होण्यापूर्वीच थंडी गाठते. यावर अभियंता चेवांग नोर्फेल यांनी १९८७ पासून उपाय योजिला. गावांच्या वरच्या अंगास, सावलीच्या जागी दगडी बांध घालून त्यांनी ओढ्यांचे हिवाळी पाणी गोठविले. कमी उंचीमुळे हा बर्फ लवकर वितळतो आणि पेरणी साधते. हिवाळ्यात वाया जाणारे पाणी पेरणीसाठी राखणे, हेच या उपायाचे मर्म होय.