विश्लेषण : केरळच्या महापुरात मच्छीमारांनी हजारो जीव कसे वाचवले?

ऑगस्ट २०१८ मध्ये केरळमध्ये १९२४ नंतरचा सर्वांत मोठा पूर आला. चारशेहून अधिक जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे १४ लाख लोकांना घर सोडावे लागले. लष्कर, नौदल आणि एनडीआरएफ मदतीला होतेच. पण सरकारी आकडेवारीनुसार सुमारे ६५ हजार जणांची सुटका केली ती मच्छीमारांनी. हे कसे शक्य झाले?

पाऊस किती झाला?

१ जून ते १९ ऑगस्ट या काळात केरळमध्ये सरासरी १६४९.५ मिमी पाऊस पडतो. त्या वर्षी २३४६.६ मिमी, म्हणजे ४२ टक्के जास्त पडला. त्यातला ४१४ मिमी पाऊस १५ ते १७ ऑगस्ट या तीनच दिवसांत झाला. धरणे आधीच भरली होती, त्यामुळे दरवाजे उघडावे लागले. पंपा, पेरियार आणि चालकुडी नद्यांचे पाणी चेंगन्नूर, आलुवा, चालकुडी या शहरांत शिरले.

मच्छीमारांच्याच बोटी का?

शहरातल्या पुरात कुंपणाच्या भिंती, तारा, विजेचे खांब पाण्याखाली दडलेले असतात. रबरी बोट त्यावर फाटू शकते. मच्छीमारांच्या फायबरच्या बोटी दणकट असतात आणि मागे लावलेले इंजिन उथळ पाण्यात वर उचलता येते. शिवाय पाण्याची ओढ कुठे आहे, हे ओळखण्याची त्यांना रोजची सवय. कोल्लम, तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावरून बोटी ट्रकवर चढवून पूरग्रस्त भागांत आणल्या गेल्या. सुमारे ६७० बोटी आणि साडेचार हजार मच्छीमार या कामात उतरले.

याच समाजाने नोव्हेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळात आपली माणसे गमावली होती. इशारा वेळेवर मिळाला नाही, हा राग ताजा होता. तरीही नऊ महिन्यांच्या आत तेच इतरांच्या मदतीला धावले. सरकारने प्रत्येक बोटीमागे दिवसाला तीन हजार रुपये जाहीर केले, तेव्हा काहींनी ते घेण्यास नकार दिला.

अडकलेल्यांचा पत्ता कसा लागला?

सरकारच्या आयटी मिशनने आणि स्वयंसेवी अभियंत्यांनी ‘केरळ रेस्क्यू’ हे संकेतस्थळ उभारले. त्यावर ठिकाण, फोन क्रमांक आणि गरज नोंदवता येत होती. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र एकच मेसेज सुटका झाल्यानंतरही फिरत राहतो. म्हणून स्वयंसेवक फोन करून प्रत्येक मागणीची खातरजमा करत. बोट चुकीच्या दारात गेली, तर दुसऱ्या छतावरच्या माणसाचा वेळ वाया जातो.

पाणी ओसरल्यावर काय?

खरे कष्ट तेव्हा सुरू झाले. कुडुंबश्री बचत गटांच्या महिला चिखलाने भरलेली घरे धुण्यासाठी उतरल्या. वीज मंडळाच्या ‘मिशन रीकनेक्ट’मध्ये निवृत्त कर्मचारीही जोडण्या पूर्ववत करायला आले. लेप्टो पसरू नये म्हणून डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटण्यात आल्या.

चेंदमंगलमच्या विणकरांचे ओणमसाठी विणलेले कापड चिखलात खराब झाले होते. स्वयंसेवकांनी ते धुऊन त्याच्या ‘चेकुट्टी’ बाहुल्या बनवल्या. सुमारे १३०० रुपयांच्या एका साडीतून ३६० बाहुल्या निघत. २५ रुपयांना एक या दराने त्याच साडीचे नऊ हजार रुपये होत.

महाराष्ट्रासाठी धडा कोणता?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून अनेकांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. नुसती बोट असून भागत नाही, हे त्यातून दिसले. ती चालवणारा सराईत हात, किती माणसे बसवायची याची शिस्त आणि कुठे जायचे याची खात्रीची माहितीही हवी.

केरळने २०२० मध्ये दर शंभर नागरिकांमागे एक, अशा सुमारे ३.४ लाख प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या दलाची योजना आखली. लोक मदतीला धावतात, हे २०१८ मध्ये दिसलेच होते. गावात कोणाकडे बोट आहे, कोणाला पोहता येते, कोणाला आधी हलवायचे, ही यादी मात्र पाऊस सुरू होण्यापूर्वीच तयार असावी लागते.