नत्र गिळणारा गाळ

ऑक्टोबरात नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीची घाई असते, तिकडे कांद्याची रोपं लागवडीला येत असतात. याच दिवसांत युरियाच्या गोण्या शेतावर पोचतात. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे जवळपास २१ किलो नत्र असतं. पीक त्यातलं सगळं उचलत नाही. काही अमोनिया होऊन हवेत उडतं आणि बरंचसं मातीतले जिवाणू नायट्रेटमध्ये बदलतात. मातीचे कण ऋणभारित आणि नायट्रेटही ऋणभारित, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पाणी जाईल तिकडे ते जातं: विहिरीत, ओहोळात, कादवा नदीत, गोदावरीत.

विहिरीतल्या नायट्रेटचा धोका १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवातले डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी दाखवून दिला. तिथल्या शेतघरांत विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पिऊन तान्ही मुलं निळी पडत होती, कारण रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच घटत होती. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालानुसार ती ओलांडणारे नमुने देशातल्या ४४० जिल्ह्यांत सापडले. महाराष्ट्रात तर तपासलेल्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नमुने मर्यादेबाहेर होते.

हे नत्र वाटेत कुठे कमी होतं का? होतं, आणि ज्या जागेला आपण घाण म्हणतो तिथेच होतं. ओढ्याच्या गाळात वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच प्राणवायू पोचतो. त्याखाली राहणारे जिवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात आणि त्याचा नत्रवायू करून हवेत सोडतात. युरियाच्या कारखान्यात प्रचंड ऊर्जा खर्चून हवेतून ओढलेलं नत्र इथे विनासायास हवेत परततं. १८८६ साली गेयाँ आणि द्युपती या फ्रेंच संशोधकांनी अशा जिवाणूंवरचं आपलं काम मांडलं. या जिवाणूंना तीन गोष्टी लागतात: प्राणवायू नसलेली जागा, खायला कुजका पालापाचोळा आणि भरपूर वेळ. काठावरचे करंज, उंबर, निर्गुडी पाला पुरवतात. वेळ मिळतो तो वळणांमुळे, डोहांमुळे, लव्हाळ्यात अडखळणाऱ्या पाण्यामुळे. आपला प्रदेश बेसॉल्टचा. पुष्कळ ओढ्यांचा तळ उघडा कातळ असतो आणि त्यावरून पाणी सरसर निघून जातं. म्हणून जिथे डोहात गाळ साचतो, त्या मोजक्या जागांना इथे जास्तच मोल आहे.

लहान ओढ्यांकडे तर विशेष लक्ष द्यायला हवं. उथळ प्रवाहात थोड्या पाण्याला तळाचा मोठा स्पर्श होतो. खोल नदीत बहुतेक पाणी तळाला न शिवताच पुढे जातं. संशोधक पॅट्रिक मुलहॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि पोर्तो रिको इथल्या ७२ ओढ्यांत खुणेचं नत्र सोडून त्याचा माग काढला. २००८ साली ‘नेचर’मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष प्रत्येक कांदा-द्राक्ष उत्पादकाने ऐकावा असा आहे. पाण्यातलं नायट्रेट वाढलं की ओढा जास्त नत्र काढतो खरा, पण आलेल्या नत्रातला त्याने काढलेला हिस्सा घटत जातो. म्हणजे ओढ्यावर भिस्त ठेवून खत ओतत राहता येत नाही. शिवाय जिवाणूंचं हे काम अर्धवट राहिलं, तर नत्रवायूऐवजी थोडा नायट्रस ऑक्साइड निसटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा आहे.

नाशिककरांना अशा गाळाचं मोठं रूप बघायचं असेल तर नांदूर मधमेश्वरला जावं. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला. तो गाळाने भरत गेला, उथळ पाण्यात पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले आणि १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून त्याची घोषणा झाली. आपण तिथे दुर्बिणीतून पक्षी पाहतो. पक्ष्यांना पोसणाऱ्या त्याच चिखलात नायट्रेट संपवणाऱ्या जिवाणूंना हवं ते सगळं आहे. पण वरून नाशिक शहराचं सांडपाणी आणि अख्ख्या द्राक्षपट्ट्याचा निचरा येतो. शेवटच्या टोकाच्या एका पाणथळीवर एवढा भार टाकणं मला अन्यायाचं वाटतं. नत्र वरच्या शेकडो ओहोळांतच कमी व्हायला हवं.

त्या ओहोळांचं मात्र आपण उलटंच करतो आहोत. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार ही सरकारी योजना आली आणि गावोगावी नाला खोलीकरण, रुंदीकरण झालं. टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला पाणी अडवायचं असतं. ती गरज खरी आहे आणि मी तिच्या विरोधात नाही. पण जेसीबी-पोकलेनने वळणं सरळ होतात, काठ खरवडले जातात, झुडपं जातात, मुरूम उघडा पडतो. पाणी साठतं, पण नत्र काढणारा जिवंत तळ निघून जातो. कामाचं मोजमाप खोदलेल्या घनमीटरमध्ये होतं. राखलेल्या काठाचा त्यात रकाना नसतो.

तो रकाना गावाने मागावा. शिवारफेरीत खोदायच्या जागांवर खुणा करतात, तशाच न खोदायच्या जागांवरही कराव्यात: वळण, जुना डोह, लव्हाळ्याचा पट्टा. यंत्र एकाच काठाने चालवावं आणि दुसऱ्या काठाची झाडं राहू द्यावीत. बांधापासून ओढ्यापर्यंत काही हात रुंद गवताची पट्टी सोडावी. आणि युरिया माती तपासून, दोन-तीन हप्त्यांत विभागून द्यावा, म्हणजे ओढ्याकडे येणारं नायट्रेट त्याच्या आवाक्यात राहील.